स्काउट-गाईडचे सोपान तुम्ही कुठपर्यंत चढलात? (अनुभव धागा)

सुतळीबॉम्ब: भाचीची तृतीय सोपानची चाचणी आहे. काल दोरी घेऊन आली, "मामा, बोलाईनची गाठ येते?" डोकं विसरलेलं, हातांनी मात्र आपोआप बांधली. मग सगळी शिडीच आठवली: प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. द्वितीयपर्यंत आपले सरच तपासायचे, म्हणजे घरचा मामला. तृतीयला जिल्ह्याचे परीक्षक आले की भल्याभल्यांची बोबडी वळायची. मी राज्य पुरस्कारापर्यंत गेलो, पुढे दहावी आडवी आली. तुमचं सांगा.

पोळीभाजी: मी गाईड. आमची तुकडी म्हणजे गुलाब संघ. प्रवेशाला नियम, वचन, सॅल्यूट, डाव्या हाताचं हस्तांदोलन. घरी आजोबांपुढे डावा हात केला आणि जे ऐकलंय!

खाकी हाफपँट: आताच्या मुलांचा शर्ट राखाडी आणि फुलपँट निळी, थंडीत मजा आहे त्यांची. आम्ही डिसेंबरच्या शिबिरात पहाटे झेंड्यासमोर गुडघे आपटत उभे.

निवृत्त मास्तर: बऱ्याच वर्षांनी कुणीतरी हा विषय काढला. एक सांगतो, सोपान म्हणजे वर्गातला नंबर नव्हे. इतरांच्या पुढे जायचं नसतं, ठरलेलं काम स्वतः करून दाखवायचं असतं. एका संघातली सगळी मुलं एकदम पास होऊ शकतात. पालकांना हे पटवताना घसा बसायचा. "आमचा पहिला आला का?" अहो, इथे पहिला नसतोच! आणि दोन सोपानांच्या मध्ये काही महिने जाऊ द्यावे लागतात, घाई चालत नाही. काही शाळा एका दुपारी सगळ्या गाठी उरकून वह्या भरून घेतात, तो भाग सोडा.

पोळीभाजी: सर, आमच्याकडे हेच झालं! वही सुंदर, पण चुलीवरचा भात कधी शिजलाच नाही. 😄

ठाणे लोकल: बिनभांड्याचा स्वयंपाक कुणी केलाय का? कणकेचा गोळा काठीला गुंडाळून निखाऱ्यावर. बाहेरून कोळसा, आत कच्चा. परीक्षकांनी मुकाट्याने खाल्ला, तोच खरा स्काउट.

न्यूजर्सीची काकू: इकडे मुलगा स्काउटमध्ये आहे. टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, स्टार, लाईफ आणि वर ईगल. ईगलला किमान २१ मेरिट बॅज (एकेका कौशल्याचा बिल्ला) आणि गावासाठी एक मोठं काम, तेही अठरा वर्षांच्या आत. मुलाने बाकं बनवायची ठरवलीत, गॅरेजमध्ये गाडीला जागा नाही.

खाकी हाफपँट: काकू, आमच्याकडे खरी कमाईला, म्हणजे स्वतः काम करून पैसे मिळवायच्या उपक्रमाला, शेजाऱ्यांच्या स्कूटर धुतल्या होत्या. एकाने पैसे दिले नाहीत, अजून समोरच राहतो.

सुतळीबॉम्ब: 😂😂 नाव नको, मजला सांग.

रेल्वेवाला: ज्यांची मुलं वर चढतायत त्यांच्यासाठी: रेल्वे भरतीत स्काउट-गाईड कोटा असतो, त्याला राष्ट्रपती पुरस्कार चालतो. राज्य पुरस्कारावर थांबू नका. प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका, पडताळणीला त्रास होतो.

ठाणे लोकल: हे आधी सांगायचं ना, माझं लॅमिनेशनमध्ये पिवळं पडलंय.

निवृत्त मास्तर: राष्ट्रपतीची चाचणी वेगळीच. आमच्या काही मुली पचमढीच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात शिबिराला जाऊन आल्या. आल्या तेव्हा माझ्यापेक्षा बरा तंबू ठोकत होत्या.

पोळीभाजी: कुकर लावलाय, नंतर येते. कुणाकडे शीपशँक गाठीचा सोपा व्हिडिओ आहे का? मुलीला उद्याच हवाय.

सुतळीबॉम्ब: व्हिडिओ कशाला, ये ना संध्याकाळी. भाचीपण आहे, दोरीपण आहे. आणि मास्तरांना चहाला बोलावू.

निवृत्त मास्तर: साखर कमी.