लुगडं आणि पातळ यात फरक नेमका कशाचा?

काठपदर: दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या म्हाताऱ्या बायांच्या मुलाखती प्रमाण मराठीत उतरवते आहे. एक आजी म्हणते, "पह्यले लुगडं होतं, मंग पातळ आलं." संपादकांनी दोन्हीकडे 'नऊवारी साडी' केलं. मग आजीच्या वाक्यात उरलं काय? तुमच्याकडे फरक कशावरून करतात: लांबी, पोत, की नेसण?

वेचा: पोत. मायी आजी मागावरच्या जाड्याभरड्याले लुगडं म्हने अन् गिरणीच्या बारीक सुताच्याले पातळ. नावातच हाय ना.

उमरेडी: इतकं सोपं नाही. नागपूर-उमरेडचे कोष्टी रेशीमकाठी बारीक कापड मागावरच विणत. १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे गिरणीचं सूत मागावर चढलं आणि सूत कातणाऱ्या बायांचं काम गेलं. माग कोष्ट्याचा, सूत गिरणीचं. आता त्याला लुगडं म्हणायचं की पातळ?

सरकी: बारीक सुताला लांब धागा लागतो. वऱ्हाडचा गावरान कापूस बहुतेक आखूड धाग्याचा, त्याचं भरड सूत निघे. १८७० ला खामगावपर्यंत रेल्वे आली ती हा कापूस मुंबईकडे न्यायला. तलम कापड उलट बाहेरून इकडे यायचं. माझं मत, 'पातळ' हे नावही त्या कापडाबरोबर आलं.

दर्यापूरकर: आमच्या घरी पोताचा संबंधच नाही. कासोट्याचं नऊवारी ते लुगडं, परकरावर नेसायचं ते गोल पातळ. दुसऱ्या महायुद्धात कापड कंट्रोलवर गेलं, मोजूनच मिळू लागलं, तेव्हा घरातल्या सुनांनी पाचवारी धरलं, असं आई सांगते.

वेचा: अन् सासवांनी सोडलं नाई. कासोटा असला की कापूस वेचणीत पाय मोकळे रायतात. आता बाया साडीवर माणसाचा फुल शर्ट घालतात, वरून कापूस टाकाले ओटी बांधतात. साडी सुरतची, पालिस्टर. सुती घ्याले गेलं तं दुप्पट पैसे लागतात, दादा.

भाषामित्र: प्रमाण मराठीत 'साडी' पुरेसं आहे. मुलाखतींत 'झंपर' असेल तर तेही 'चोळी' करा. इंग्रजी शब्द कशाला?

काठपदर: नाही करणार. चोळी खणाची, पुढे गाठ मारायची. झंपर बटणांचं, शिंप्याकडे मशीनवर शिवलेलं. दोन्ही चोळ्याच केल्या तर आजीच्या अंगावरचं काय बदललं ते वाचणाऱ्याला कळणार कसं?

उमरेडी: भाषामित्रांच्या हिशेबानं 'मांजरपाट' हा सुती कापडाचा शब्दही काढावा लागेल. तो मूळचा मादरपाट, आंध्रातल्या मादापोल्लम गावावरून आलेला.

भाषामित्र: मांजरपाट वेगळा, मादरपाट वेगळा. पहिला कोरा, दुसरा धुवट.

सरकी: दुकानदार एकाच ताग्याला दोन्ही नावं लावतात, मी ऐकलंय.

वेचा: मायी मोठी माय मांजरपाटाचेच परकर शिवे. कोरा का धुवट, तिले इचारून सांगतो.