एकच सीडी, सिंटॅक्स स्कोअर एकदा 27 आणि एकदा 34.5. कोणता धरायचा?

बाबा 67 वर्षांचे आहेत. तिन्ही मोठ्या रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज. अँजिओग्राफीची सीडी दोन डॉक्टरांना दाखवली. पहिल्यांनी सिंटॅक्स स्कोअर, म्हणजे ब्लॉकेज किती गुंतागुंतीचं ते सांगणारा आकडा, रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनाने 27 लिहिला, म्हणाले स्टेंटने जमेल. दुसऱ्यांनी 34.5 काढला आणि बायपासच करा म्हणाले. सीडी तीच, बाबा तेच! मधुमेह 18 वर्षं, ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं) 42, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) 1.5. बाबा रोज एकच विचारतात, "मला धोका किती टक्के, तेवढं सांग." मी काय सांगू? कुणी समजावून सांगेल का?

उत्तर १
ताई, मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी होते तिथे, तंत्रज्ञ आहे, रोज हेच बघते. दोघांपैकी कुणी चुकलंच असेल असं नाही. स्कोअर मशीन देत नाही, फिल्म बघून माणूस काढतो. दीड मिलिमीटर किंवा त्याहून जाड वाहिनीत 50 टक्के किंवा जास्त अडथळा असेल तरच तो मोजायचा. आता एखादी बाजूची फांदी एकाला 45 टक्के दिसते, दुसऱ्याला 55.

खरा फरक पडतो तो पूर्ण बंद वाहिनीत. एलएडी म्हणजे हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी वाहिनी, तिच्या मधल्या भागाचं या मोजणीतलं वजन 2.5. अडथळ्यातून डायची (फिल्मवर वाहिनी दिसावी म्हणून सोडलेल्या औषधाची) बारीकशी रेघ पुढे सरकताना दिसली तर त्याला 2 ने गुणायचं, म्हणजे 5. काहीच सरकलं नाही तर 5 ने, म्हणजे 12.5. एका रेघेवर साडेसात गुण! तुमच्या बाबांचं नेमकं हेच झालंय असं मी म्हणत नाही, पण दोघांनाही विचारा, "पूर्ण बंद कोणती धरली?" 22 पर्यंत कमी, 23 ते 32 मध्यम, 33 पासून जास्त, असे गट आहेत. तुमचे दोन आकडे नेमके वेगळ्या गटांत पडलेत, म्हणून सल्लाही वेगळा.

उत्तर २
मी हृदयशस्त्रक्रिया विभागात निवासी डॉक्टर आहे. वरचं सगळं बरोबर. पण हा स्कोअर फक्त वाहिन्यांचा आहे. त्याला बाबांचं वय, किडनी, मधुमेह यातलं काहीच कळत नाही. म्हणून 2013 मध्ये सिंटॅक्स स्कोअर दोन आला. त्यात वय, ईएफ, क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी रक्त किती साफ करते त्याचा अंदाज), फुप्फुसांचा जुनाट आजार, पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार वगैरे धरून चार वर्षांतला मृत्यूचा धोका स्टेंटसाठी वेगळा आणि बायपाससाठी वेगळा निघतो. 2020 च्या आवृत्तीत मधुमेह आणि धूम्रपानही आलं, अंदाज दहा वर्षांपर्यंत गेला. नुसतं क्रिएटिनिन सांगू नका, वजनही सांगा, क्लिअरन्सला ते लागतं. ऑपरेशनचा स्वतःचा धोका युरोस्कोअर दोन किंवा एसटीएस या दुसऱ्या स्कोअरने वेगळा काढतात.

मधुमेह असताना अनेक वाहिन्यांत ब्लॉकेज असेल तर माझा कल बायपासकडे आहे. 2012 च्या फ्रीडम अभ्यासात अशा रुग्णांत बायपासनंतर मृत्यू आणि हार्ट अटॅक कमी होते, पक्षाघात मात्र जास्त. तोही धोका बाबांना सांगायला हवा.

आणि टक्क्यांचं उत्तर असं द्या: "तुमच्यासारख्या शंभर जणांत इतक्यांना त्रास होतो." त्या शंभरात बाबा कुठे, हे कुठलाच स्कोअर सांगत नाही. दोन्ही डॉक्टरांना एकत्र बसून फिल्म बघायला सांगा. हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन मिळून ठरवतात ती हार्ट टीम याचसाठी असते. हे मागायला अजिबात संकोचू नका.

आणखी एक. बाबा हात न टेकता खुर्चीतून उठतात का ते बघा, त्यावरून अंगात ताकद किती ते कळतं. यातल्या कुठल्याही सिंटॅक्समध्ये त्याला रकाना नाही, आम्ही मात्र ते बघतोच.

उत्तर ३
माझा स्कोअर 31 होता, बायपास केला. सगळे आकड्यावर अडले होते, तेव्हा सर्जननी विचारलं, "जिने चढताना कितव्या पायरीवर थांबता?" त्या प्रश्नानंतरच मला वाटलं की हे माझ्याबद्दल बोलतायत.

मूळ प्रश्नकर्ती
खूप आभार. परवा दोघेही एकत्र फिल्म बघणार आहेत. बाबांचं वजन आत्ताच केलं, 61 किलो. खुर्चीतूनही उठायला लावलं. चार वेळा नीट उठले, पाचव्या वेळी डावा हात टेकला. तेही लिहून ठेवलंय.