मदत हवी आहे : कॅलाब्रियातल्या नाटकातील मुलाचे संवाद

सप्रेम नमस्कार. इटलीच्या दक्षिणेकडील कॅलाब्रियातल्या एका गुन्हेगारी कुटुंबावर मी दोन अंकी नाटक लिहीत असून त्यातील सोळा वर्षांचा मुलगा घरातून आणि घराच्या धंद्यातून बाहेर पडू पाहतो. तेथील न्द्रांगेटा ही माफिया संघटना रक्ताच्या नात्यांवर उभी असल्याने टोळी सोडणे म्हणजे बापाला, भावाला आणि चुलत्यालाच सोडणे ठरते. रेज्जो कॅलाब्रियाच्या बाल न्यायालयाचे तत्कालीन न्यायाधीश रोबेर्तो दी बेल्ला यांनी 2012 पासून अशा मुलांना कुटुंबापासून दूर, दुसऱ्या प्रांतात ठेवण्याचे आदेश दिले आणि पुढे काही आयाच मुलांना वाचवा म्हणून त्यांच्याकडे येऊ लागल्या. माझे नाटक अशाच एका आईभोवती फिरते (बाप मला अजून नीट सापडलेला नाही, हे कबूल करतो).

अडचण भाषेची आहे. पहिल्या प्रवेशात आई पाव कापत असते, बापाची खुर्ची रिकामी असते आणि मुलगा ताटाकडे पाहत म्हणतो, "मी उद्या जाणार नाही." हे वाक्य तो बापासमोर म्हणेल तेव्हा 'बाबा, तुम्ही' म्हणेल की 'तू'? तिथल्या जुन्या घरांत आईवडिलांनाही आदरार्थी संबोधत, म्हणून 'तुम्ही' योग्य वाटते. परंतु त्याने बंड मवाळ होते. इटलीत राहिलेल्या किंवा इटालियन नाटके मराठीत आणलेल्या सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.