मेलिंग लिस्टचे मेल इनबॉक्सबाहेर वळवणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक?

फुरसतराव
मेलिंग लिस्टा (एका पत्त्यावर टाकलेला मेल सगळ्या सभासदांना पोचवणाऱ्या) वाढल्या की सगळे एकच सांगतात: फिल्टर लावा, प्रत्येक लिस्टला वेगळा फोल्डर द्या, इनबॉक्स मोकळा ठेवा. मला हे अजिबात पटत नाही. फोल्डरात वळवलेला मेल वाचला जात नाही, नुसता साठतो. न वाचलेल्यांचा आकडा चार अंकी झाला की त्या अडगळीच्या खोलीत कोण डोकावतंय! वाचायची ती लिस्ट इनबॉक्समध्ये येऊ द्या, नसेल वाचायची तर सरळ बाहेर पडा. बाहेर पडायच्या पत्त्याचं हेडर (मेलसोबत येणारी, एरवी न दिसणारी माहितीची ओळ) १९९८ पासून ठरलेलं आहे, त्याचाही वापर करा की कधीतरी.

कळफलक
साफ असहमत. गजबजलेली लिस्ट अथपासून इतिपर्यंत वाचतं कोण? अडलं की शोधायची, म्हणून ती हाताशी हवी.

फिल्टर मात्र धड लावायला हवा. बरेच जण विषयाच्या सुरुवातीला चौकटी कंसात येणाऱ्या लिस्टच्या नावावर लावतात आणि फसतात. लिस्टने विषयात नाव घुसडलं की पाठवणाऱ्याची डीकेआयएम सही (मेल वाटेत बदललेला नाही हे पटवणारी डिजिटल खूण) सहसा मोडते, म्हणून काही लिस्टांनी ते नावच काढून टाकलं. फिल्टर 'लिस्ट-आयडी' या हेडरवर लावा. आरएफसी २९१९ या इंटरनेटच्या मानकपत्रात (२००१) ते आलं तेच मुळी यासाठी, की लिस्ट दुसऱ्या सर्व्हरवर गेली तरी ओळख तीच राहावी. जीमेलमध्ये तर मेलचा तपशील उघडला की त्या लिस्टवर फिल्टर लावायचा दुवा तिथेच असतो.

फुरसतराव
शोधायचंच असेल तर लिस्टचं संग्रहस्थळ असतं. आपल्या खात्यात कशाला भरायचं?

कळफलक
संग्रहस्थळ बंद पडलं म्हणजे? आणि खात्यातला शोध नेट नसतानाही चालतो, मेल उतरवून ठेवले असतील तर.

उशीरालतीफ
दोघांनीही सीसीचा घोळ लक्षात घेतलेला नाही. मी लिस्टवर प्रश्न टाकला, कुणी 'सर्वांना उत्तर' दाबलं. आता माझा पत्ता सीसीमध्ये आहे. मेलमन या लिस्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दुबार प्रती टाळायची सोय चालू असेल, तर लिस्ट मला वेगळी प्रत पाठवतच नाही. थेट आलेल्या प्रतीवर लिस्ट-आयडी नसतो, त्यामुळे फिल्टरला ती दिसत नाही आणि ती पडते इनबॉक्समध्ये. मला हे सोयीचंच वाटतं. मला उद्देशून आलेलं समोर, बाकीचं फोल्डरात.

कळफलक
सोय कसली! अर्धी चर्चा इकडे, अर्धी तिकडे. मी ती सोय लिस्टच्या सेटिंगमध्ये बंद करून टाकते, मग लिस्टची प्रतही येते.

उशीरालतीफ
ते फोल्डरवाल्यांचं दुखणं. जीमेलमध्ये फोल्डरांऐवजी लेबलं असतात. एक उत्तर इनबॉक्समध्ये आलं की मागची सगळी चर्चा त्याच्याबरोबर दिसते.

नवखी
मधेच विचारते, डायजेस्ट घेतलं तर? लिस्टवरचं सगळं एकत्र करून दिवसाचा एकच मेल.

कळफलक
नुसतं वाचायचं असेल तर घे. उत्तर द्यायचं झालं की पंचाईत: विषय डायजेस्टचा जातो आणि तुझं उत्तर मूळ चर्चेला जोडलंच जात नाही. लिस्टवरचे जुने लोक यावरून फार चिडतात, आणि माझ्या मते रास्त चिडतात.

फुरसतराव
बघा, एवढ्या खटपटी. बाहेर पडायला एक क्लिक लागते.

उशीरालतीफ
लागते हो. पण महिन्याभराने तुम्हीच इथे येऊन विचाराल, 'त्या लिस्टवर काय ठरलं?'