मदत हवी आहे: वाट दाखवणारा बाण बंद करून खेळता येईल असा ओपन वर्ल्ड गेम, इंग्रजी जेमतेम येणाऱ्या मुलासाठी

नमस्कार मंडळी. नागपूरहून लिहितो आहे, महालातून. प्रश्न थोडा लांबेल, कारण मागचं सांगितल्याशिवाय मला नेमकं काय हवंय ते कळायचं नाही.

माझा भाचा सुट्टीत वणीहून आलाय. आता आठवीत जाईल, शाळा मराठी माध्यमाची. सध्याच्या उन्हात सकाळी अकरानंतर पोराला बाहेर सोडता येत नाही, म्हणून दुपारभर आम्ही दोघं कूलरसमोर. मी दोन आठवड्यांची रजा टाकली होती. कंट्रोलर त्याच्या हातात, मी शेजारी.

सुरुवात स्कायरिमनं केली, एल्डर स्क्रोल्स मालिकेतला, मोकळ्या जगात हवं तिकडं फिरता येणारा गेम. २०११ साली तो आला तेव्हा मी त्यात महिनेच्या महिने घालवले होते, त्यामुळं त्यालाही तोच दाखवावा असं वाटलं. (वयाचं रेटिंग माहीत आहे, म्हणूनच हा गेम मी शेजारी असतानाच चालू होतो.) पोरगं हुशार आहे, दोन दिवसांत तरबेज झालं. पाचव्या-सहाव्या दिवशी मी सहज विचारलं, "आता आपण उभे आहोत तिथून व्हाइटरन कोणत्या बाजूला?" वीसेक वेळा तरी तो त्या शहरात जाऊन आला असेल. त्यानं पडद्याच्या वरच्या पट्टीकडं बोट दाखवलं. "बाण जिकडं आहे तिकडं, मामा."

त्यानंतर मी गेम पाहायचं सोडून त्याचे डोळे पाहू लागलो. नजर त्या कंपासच्या पट्टीवरून हलतच नव्हती. डोंगर आडवा आला की उड्या मारत सरळ वर, नदी आली की सरळ पाण्यात. रस्ता नावाची गोष्ट त्या जगात आहे याची त्याला गरजच पडली नव्हती. मला खरंच वाईट वाटलं. इतकं मोठं जग कोणीतरी हातानं रचलंय आणि पोरगं दोन इंच पट्टीवर चालतंय.

म्हणून जर्नलमध्ये (गेममधली कामांची नोंदवही) जाऊन चालू क्वेस्टची, म्हणजे हाती घेतलेल्या कामाची, खूण काढली. बाण गेला. आणि पोरगं अडकलं, पार अडकलं. मी आधी त्यालाच म्हणत होतो, अरे आजूबाजूला बघ, कोणाला तरी विचार. मग स्वतः संवाद पुन्हा नीट वाचले तेव्हा कळलं की चूक त्याची नाहीच. समोरचा माणूस फक्त ठिकाणाचं नाव सांगतो, तिथं डाकू आहेत, त्यांना संपव म्हणतो. ते ठिकाण कोणत्या रस्त्यानं, कुठल्या ओढ्यापलीकडं, काही नाही. बाण आहे हे गृहीत धरूनच ती वाक्यं लिहिली आहेत. गंमत म्हणजे याच गेमच्या सुरुवातीला रिव्हरवुडमध्ये दुकानदाराची बहीण तुमच्यासोबत पुलापर्यंत चालत येते आणि वर डोंगरातल्या ब्लीक फॉल्स बॅरोची वाट दाखवते. म्हणजे रस्ता कसा सांगायचा हे करणाऱ्यांना येत होतं. तेवढं मात्र भाच्यानं बाणाशिवाय एका फटक्यात केलं.

तिथून मी मागे गेलो, याच मालिकेतल्या मॉरोविंडकडं. २००२ सालचा. जुन्या लोकांना माहीतच आहे की क्वेस्टचा बाण या मालिकेत २००६ च्या ऑब्लिव्हियनपासून आला. मॉरोविंडमध्ये नकाशा आहे, पण कुठं जायचं ते माणसं तोंडानं सांगतात आणि ते जर्नलमध्ये लिहिलं जातं. चौकात पाट्या आहेत. पहिलंच काम असं की बालमोरा गावी जा, तिथल्या अमुक खाणावळीत चौकशी कर, मग ज्याला भेटायचंय त्याचं घर कळेल. बस.

इथं मला हवं होतं ते दिसलं. अर्कंगथँड नावाच्या भग्न वास्तूतून एक पेटी आणायची असते. सांगणारा रस्ता सांगतो: किल्ल्यावरून जा, फोयाडावरचा (लाव्हारसानं कोरलेल्या दरीवरचा) जुना पूल लागेल, तो ओलांड. मी वाचून मराठीत सांगायचो. भाच्यानं कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं नकाशा काढायला घेतला, मी न सांगता. किल्ल्याला चौकोन, पुलाला दोन रेघा. पूल सापडला तेव्हा त्यानं आधी पानावर टिचकी मारली आणि मग पुढं गेला. वास्तूपाशी पोचलो तर दार बंद. पंधरा-वीस मिनिटं तो नुसता आजूबाजूला फिरला. मला माहीत होतं, पण मी ओठ घट्ट मिटून बसलो. शेवटी जवळच्या जाड नळावर एक दांडा त्याच्या नजरेला पडला, तो फिरवला आणि दार उघडलं. स्वयंपाकघरातून आई धावत आली, इतक्या जोरात ओरडला. स्कायरिमच्या सहा दिवसांत असा आवाज एकदाही निघाला नव्हता.

आता खरी अडचण. सोमवारपासून माझं ऑफिस सुरू. मॉरोविंडचं रेटिंग तेरा वर्षांच्या मुलाला चालण्यासारखं आहे, तो एकटा खेळला तरी माझी हरकत नाही. पण तो एकटा खेळूच शकत नाही, कारण सगळा रस्ता इंग्रजीत. साधी वाक्यं त्याला कळतात. "फाटा फुटला की डावी धरून राहा", "टेकडीच्या कडेकडेनं जा" अशी वाक्यं इंग्रजीत आली की त्याची गाडी थांबते, आणि या गेममध्ये नेमकी तीच वाक्यं महत्त्वाची. एक शब्द चुकला की अर्धा तास वाया. मी नसताना त्यानं एकदा प्रयत्न केला आणि गपचूप परत स्कायरिम लावला.

तेव्हा माझ्या डोक्यात जे शिरलं ते इथं मुद्दाम लिहितो, कारण बाण की शोध या विषयावरच्या चर्चेत मी ते फारसं वाचलेलं नाही. बाणाला भाषा लागत नाही. ज्याला इंग्रजी भराभर वाचता येत नाही त्याला इतक्या मोठ्या गेमच्या आत घेणारी गोष्ट तो बाणच आहे. आपल्याकडची कितीतरी पोरं अशीच खेळतात, संवाद दाबत पुढं जायचं आणि बाणामागं धावायचं. ती आळशी नाहीत. त्यांच्यापुढं दुसरा रस्ता कोणी ठेवलाच नाही. बाण काढा म्हणणाऱ्यांत मीही होतो, आणि आजही मला बाण नकोच आहे, पण तो काढायचा तर त्याच्या जागी पोराला समजेल असं काहीतरी ठेवायला हवं.

आणि त्याला रस्ता कळत नाही असं तर मुळीच नाही. परवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर आईनं त्याला चितारओळीत एका मूर्तिकाराकडं निरोप द्यायला पाठवलं. फोन घरीच. आईनं सांगितलं ते असं: "बडकस चौकात गेला की कोणालाही चितारओळ विचारजो. आत शिरला की मातीचा वास येईन. डाव्या हाताला दोन घरं सोडजो, जिथं गणपतीचे साचे भिंतीला टेकवून ठेवले आहेत तिथं हाक मारजो." पोरगं गेलं, निरोप दिला, आलं. वर आल्यावर अर्धा तास सांगत होतं, साचा आतून कसा दिसतो, एका मूर्तीला फक्त सोंडच कशी बसवली होती. असा रस्ता गेममधल्या माणसानं मराठीत सांगितला असता तर त्याला माझी काही गरज नव्हती.

तर माझे प्रश्न.

शब्दांऐवजी जमीनच रस्ता सांगते असा गेम हवा. ब्रेथ ऑफ द वाइल्ड (२०१७) मी मित्राकडं खेळलोय आणि माझ्या मते आजवर हे सगळ्यात नीट तिथंच जमलंय. मनोऱ्यावर चढलात की नकाशावर फक्त भूगोल उघडतो, खुणा तुम्ही स्वतः दुर्बिणीतून पाहून लावायच्या. टेकड्यांचे आकार मुद्दाम त्रिकोणी ठेवलेत, म्हणजे चढून जावं की वळसा घालावा हे तुम्ही ठरवता, आणि वळसा घेतला की मागं लपलेलं काहीतरी समोर येतं. हे तो गेम करणाऱ्यांनीच २०१७ च्या सेडेक या जपानमधल्या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत समजावून सांगितलं होतं. पण तो ज्यावर चालतो ते निन्टेंडोचं स्विच घ्यायची ऐपत या वर्षी नाही. पीसीवर याच्या जवळचं काय आहे? आमच्याकडं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम. एल्डन रिंग सुचवू नका, तो किमान १०६० मागतो आणि या वयाला मला तो नकोही आहे.

दुसरं, स्कायरिमसाठी जर्नलमध्ये रस्त्याचं वर्णन घालणारा बेटर क्वेस्ट ऑब्जेक्टिव्ह्ज हा मॉड (चाहत्यांनी केलेली जोडणी) मला ठाऊक आहे. तोही इंग्रजीच. मॉरोविंडचा मजकूर मराठीत करायचा कोणी प्रयत्न केलाय का? ओपनएमडब्ल्यूवर (मॉरोविंड चालवायला चाहत्यांनी केलेलं मोफत इंजिन) देवनागरी जोडाक्षरं नीट उमटतात, की "रस्ता"चं "रस् ता" होतं? कोणी करून पाहिलं असेल तर कृपया सांगा, माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

बाण चालू ठेवा, लहान आहे, मजा करू दे, असं लिहू नका ही विनंती. मजा कशात येते ते मी त्या दारापाशी पाहिलंय.

भर, चार दिवसांनी:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोघांनी असॅसिन्स क्रीड ओडिसी (२०१८) मधला एक्सप्लोरेशन मोड सुचवला. माझ्याकडं होता, रात्री लावून पाहिला. ठिकाण अमुक प्रांतात, अमुक जागेच्या दक्षिणेला, असे तुटक दुवे मिळतात, जवळ पोचलात की गरुड सोडून वरून शोधायचं. वाक्यं इतकी लहान आहेत की दिशांचे चार शब्द आले तरी काम भागतं. ही पद्धत मला फार आवडली. गेम मात्र मोठ्यांसाठीचा आहे, त्यामुळं तो त्याच्या हाती एकट्याला देणार नाही.

अ शॉर्ट हाइक (२०१९) ज्यांनी सांगितला त्यांना खास धन्यवाद. लहानसा गेम आहे, स्कायरिमसारखा आरपीजी नाही, पण आमच्या मशीनवर पाण्यासारखा चालतो. एक पक्षीण, एक शिखर, सोनेरी पिसं मिळाली की जास्त उंच चढता येतं. बाण नाही. भाच्यानं तो पहिल्या दुपारीच एकट्यानं पूर्ण केला आणि मी ऑफिसातून आलो तेव्हा कागदावर बेटाचा नकाशा तयार होता, किनाऱ्यासकट. इतक्या लवकर संपला हीच काय ती खंत.

जोडाक्षरांबद्दल अजून कोणाचंच उत्तर आलेलं नाही. तोवर आम्ही वहीत काम सुरू केलंय. रात्री जेवणं झाली की मॉरोविंडच्या जर्नलमधले रस्ते मी मराठीत सांगतो, तो लिहून घेतो, दुसऱ्या दिवशी दुपारी वही मांडीवर ठेवून खेळतो. कालपर्यंत अकरा रस्ते झाले, त्यातले नऊ त्याला एकट्याला सापडले. शब्दांवर मात्र अडतो. दोन टेकड्यांमधून जाणाऱ्या अरुंद वाटेला मी खिंड म्हणत होतो, तो म्हणाला, "मामा, ही तर पांदण आहे," आणि पांदणच लिहिलं. लाव्हारसानं कोरलेल्या फोयाडाला सध्या घळ लिहिलंय. कोकणातल्या किंवा सह्याद्रीत भटकणाऱ्या कोणाकडं याहून चांगला शब्द असेल तर द्या, आणि डोंगराच्या लांब उतरत्या कडेलाही एक हवाय. इकडं सपाटीवर राहून तो आमच्या तोंडी नाही.