मदत हवी आहे: मोबाईल कंपन्यांच्या जुन्या जाहिरातींतली गाणी

नमस्कार मंडळी. आमच्या मामांचं पंचवटीत रिचार्जचं दुकान होतं. नाण्याने खरवडायची कार्डं, काउंटरवर सांडलेली ती करडी भुकटी आणि कोपऱ्यात कायम चालू असलेला टीव्ही. आता त्यांची साठी आहे, गंगापूर रोडला छोटा हॉल घेतलाय. भाचरंडांनी मिळून त्या काळच्या जाहिरातींची गाणी वाजवायची ठरवली आहेत.

ए. आर. रहमान यांची २००२ ची एअरटेलची धून हवीच, मामांचा रिंगटोन वर्षानुवर्षं तोच होता. हचच्या पग कुत्र्याच्या जाहिरातीतलं ‘यू अँड आय’ही घेतोय. आणि राम संपत यांचं २०११ चं ‘हर एक फ्रेंड जरूरी होता है’. त्यात मित्रांचे इतके नमुने येतात की सगळ्यांना एकेक ओळ वाटून देता येईल.

अडलंय ते असं: रहमानच्या धूनचं सरगम नोटेशन कुणाकडे आहे का? बासरीवर वाजवायचीय, वाजवणारी नववीतली आहे, त्यामुळे सोपं हवं. ‘हर एक फ्रेंड’चा चांगला कराओके ट्रॅकही हवाय. नाशिकमध्ये कुणी कीबोर्डवाले ट्रॅक करून देत असतील तर तेही सुचवा. योग्य मानधन नक्की देऊ.