सीमेवर सरसकट त्वचाचाचणी नको

एकांनी सुचवलंय की सुप्त क्षय (जंतू अंगात आहेत, पण आजार नाही) शोधायला सीमेवर सरसकट त्वचाचाचणी करावी, म्हणजे हातावर टोचून गाठ उठते का ते बघावं; ती स्वस्त पडते. अमेरिका-मेक्सिको सीमेपुरतं तरी मला हे अजिबात पटत नाही. मेक्सिकोत बाळाला जन्मल्यावर लगेच क्षयाची बीसीजी लस टोचतात. त्यामुळे सीमेवरच्या मेक्सिकोतल्या हुआरेझमध्ये जन्मलेल्या माणसाच्या हातावर गाठ उठली, तर ती लशीमुळे की सुप्त क्षयामुळे हे नक्की सांगता येत नाही. (आपल्याकडून अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलांचाही हाच घोळ होतो.) शिवाय गाठ मोजायला 48 ते 72 तासांत परत यावं लागतं. तिथून पूल ओलांडून अमेरिकेतल्या एल पासोत रोजंदारीवर येणाऱ्याने त्यासाठी आणखी एक खाडा करायचा? रक्ताची इग्रा चाचणी महाग आहे खरी, पण सुई एकदाच टोचते आणि बीसीजीमुळे फसत नाही.

आधी मधुमेही आणि क्षयरुग्णाच्या घरातली माणसं तपासा, त्यांना धोका जास्त. चाचणी पॉझिटिव्ह आली की छातीचा एक्स-रे काढून सक्रिय क्षय नाही ना, हे बघायलाच हवं. आणि सुप्त क्षय दुसऱ्याला लागत नाही, हे तिथंच स्पॅनिशमधून नीट समजावून सांगा. सुप्त क्षयावर उपचार म्हणून आठवड्यातून एकदा, असे आयसोनियाझिड-रिफापेंटिन या औषधांचे 12 डोस पुरतात.